यांत ते नाहीत

आगटे सरांबद्दल लिहा, असं मला आजवर अनेकांनी सांगितलं. सगळ्यांना मी डोळ्यांचं कारण दिलं. पुढे मोतीबिंदू निघाला, नवा चष्मा आला, तरी कारण तेच राहिलं. खरं कारण असं की सरांबद्दल लिहायचं तर एका ठिकाणी मला स्वतःलाही आणावं लागतं, आणि तिथे मी चांगला दिसत नाही.

गेल्या महिन्यात मात्र लखनौहून फोन आला. आमच्या विभागाचे एके काळचे प्रमुख डॉ. रस्तोगी यांचा गौरवग्रंथ निघतो आहे. फोनवरचा तरुण प्राध्यापक फार अदबीने बोलला. "बापट सर, रस्तोगी पद्धत पर आप से बेहतर कौन लिखेगा? आप तो शुरू से साथ थे."

मी शुरू से साथ होतो, हे खरं आहे. म्हणूनच मला माहीत आहे की रस्तोगी पद्धत नावाची कोणतीही पद्धत नव्हती. जी होती ती आगटे सरांची होती. त्या ग्रंथासाठी हिंदीत चार पानं हवी होती, ती मी पाठवणार नाही. हे मराठीत लिहितो आहे, कारण सर माझ्याशी मराठीत बोलत. रस्तोगींना मराठी येत नाही. पण त्यांची सून पुण्याची आहे. ती त्यांना वाचून दाखवील, आणि तिने सावकाश, एकही वाक्य न गाळता दाखवावं, अशी माझी इच्छा आहे.

नव्वदच्या दशकात लखनौच्या एका विद्यापीठात गुन्हेशास्त्राचा छोटा विभाग होता. प्रमुख रस्तोगी, प्राध्यापक विश्वंभर आगटे, आणि खालच्या पायरीवर मी. सर मूळचे अमरावतीचे. तिशीत त्यांनी वऱ्हाडातल्या खेड्यांमध्ये फिरून सुडापोटी झालेल्या खुनांवर प्रबंध लिहिला होता. पुढे लखनौला आले आणि त्यांचा विषय बदलला. ते ओळख परेडवर काम करू लागले. साक्षीदार तुरुंगात येतो, रांगेतल्या माणसांपैकी एकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "यही था." त्या हाताखाली काय काय असतं, हा सरांचा आयुष्यभराचा प्रश्न.

गंमत अशी की सरांना स्वतःला चेहरे अजिबात लक्षात राहत नसत. मी रुजू झालो त्यानंतर कितीतरी दिवस ते मला वीज मंडळाचा माणूस समजत होते आणि भेटलो की वर्गातल्या पंख्याची तक्रार करत होते. शेवटी एकदा माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "अरे, तुम्ही तर बापट. आता नाही चुकणार. तुमच्या बुटाची डावी टाच आतून झिजते. तुम्ही उभे राहता तेच मुळी निघायच्या तयारीत." त्यानंतर ते मला नेहमी पायांपासून ओळखत. आधी बूट बघायचे, मग वर बघून, "काय करून राहिले, बापट?"

एकदा हजरतगंजमध्ये आम्ही दोघे चाललो होतो. समोरून एक वृद्ध गृहस्थ आले. सरांनी हात जोडले, त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलीच्या लग्नाचं विचारलं. गृहस्थांनीही छातीवर हात ठेवून उत्तरं दिली. "अल्लाह का करम है. बिटिया की बात चल रही है." चांगली दहा मिनिटं गेली. ते निघून गेल्यावर मी विचारलं, "कोण हो?"

"आपल्या ग्रंथालयातले मिर्झासाहेब."

"सर, मिर्झासाहेब उंच आहेत. आणि त्यांना दाढी आहे."

सर रस्त्यातच थांबले. मग धावत त्या गृहस्थांमागे गेले आणि म्हणाले, माफ करा, मी आपल्याला भलतंच समजलो. गृहस्थ हसले. "जी, हम समझ गए थे. मगर आपने इतनी मोहब्बत से पूछा, तो मना कैसे करते?"

दुसरा कोणी हा किस्सा घरी सांगून हसला असता. सरांनी त्यातून पुढच्या सगळ्या संशोधनाचा धागा काढला. परेडला येऊन गेलेल्या साक्षीदारांना ते घरी जाऊन भेटू लागले. तुम्ही त्या माणसाला खरंच ओळखलं होतं का, असं विचारत. अर्धा तास इकडचं तिकडचं झालं की कुणीतरी हळूच सांगायचं, "अब साहब, मजिस्ट्रेट साहब ख़ुद धूप में खड़े थे. कुर्सी दी, पानी पिलाया. ख़ाली हाथ कैसे लौटाते?" लोक लाचेने किंवा भीतीनेच खोटं बोलतात, असं आम्ही शिकवत होतो. इथे माणसं सभ्यतेने खोटी ओळख पटवत होती. समोरच्याने तसदी घेतली आहे, त्याला 'नाही' कसं म्हणायचं? सर म्हणायचे, "बापट, या शहरात 'नाही' म्हणणं उद्धटपणा समजतात. आणि त्या उद्धटपणावाचून न्याय होत नाही. आता काय करता!"

यातून त्यांची शिकवायची रीत निघाली. एका वर्गात तास चालू असताना एक अनोळखी माणूस दार ढकलून आत आला, सरांची छत्री उचलली आणि चालता झाला. आठवड्याने सरांनी वर्गात दहा माणसं ओळीने उभी केली. प्रत्येकाच्या उजव्या गालावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. हे तिकडच्या तुरुंगातलं नेहमीचं दृश्य. आरोपीच्या चेहऱ्यावर तीळ किंवा व्रण असेल तर तो झाकतात, आणि तो एकटा वेगळा दिसू नये म्हणून रांगेतल्या सगळ्यांना त्याच जागी तशीच चिठ्ठी लावतात. अटक झाल्यापासून परेडपर्यंत आरोपीचा चेहराही कापडाने झाकून नेतात. त्याला 'बापर्दा' म्हणतात. साक्षीदाराला तो आधी दिसला, तर परेडला काही अर्थ उरत नाही.

"घाई करू नका," सर वर्गाला म्हणाले, "आणि कोणाला खूश करू नका."

मुलं एकेक करून पुढे आली, हात ठेवत गेली. मीही मागे बसलो होतो. मला खात्री होती. मी उठलो आणि तिसऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. तो आमच्या कँटीनमधला चहावाला निघाला. माझा हात खांद्यावर असतानाच तो म्हणाला, "बापट साहब, हम तो रोज़ आपको चाय देते हैं!" वर्ग हसून लोळला. छत्री नेणारा त्या रांगेत नव्हताच. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी उभी राहून घाबरत म्हणाली, "सर, इनमें वो नहीं हैं."

सरांनी तिच्यासाठी इमरती, म्हणजे तिकडची जाड जिलबी, मागवली. त्या दिवसापासून दरवर्षी 'नाही' म्हणणाऱ्याला इमरती. बहुतेक वर्षी ती आम्हालाच खावी लागे.

याच गोष्टीला आज रस्तोगी पद्धत म्हणतात. रस्तोगी त्या वर्गात कधी फिरकलेसुद्धा नाहीत. पोलीस प्रशिक्षणाच्या समितीवर त्यांची वर्णी लागली होती. ओळख परेडवर त्यांनी पोलिसांसाठी एक पुस्तिका लिहिली होती, आणि साक्षीदाराशी आदराने वागलं की ओळख अचूक पटते, हे त्या पुस्तिकेचं सार होतं. सरांनी भरसभेत उठून सांगितलं, "आदर ज़रूर कीजिए, लेकिन उससे यह भी कहिए कि ना कहने पर हम बुरा नहीं मानेंगे." सगळे हसले. रस्तोगीही हसले. ते हसताना त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, हे मी बघितलं होतं.

मग छोटेलाल आला.

छोटेलाल सायकल रिक्षांच्या मागच्या पत्र्यावर मोर आणि कमळं रंगवायचा. निशातगंजमधल्या एका सराफाच्या दुकानात चोरी झाली, आणि सराफाने परेडमध्ये छोटेलालच्या खांद्यावर हात ठेवला. तो मूळ चोरासारखा दिसतो का, याच्याशी सरांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी तुरुंगात जाऊन त्याला एकच विचारलं. मी शेजारी बसलो होतो.

"चिट कैसी लगाई थी?"

"गाल पे, साहब. तिल पे."

"और बाकियों को?"

"उनको भी." छोटेलालने जरा आठवलं. "हमारी सफ़ेद थी, साहब. उनकी अख़बार की."

सर खुर्चीत मागे टेकले. दहा माणसांत एकाच्याच गालावर कोरा पांढरा कागद! सराफाने माणूस ओळखला नव्हता, कागद ओळखला होता. त्याच रांगेतल्या आणखी दोन कैद्यांनी तेच सांगितलं. छोटेलालच्या वकिलाने सरांना न्यायालयात तज्ज्ञ म्हणून बोलावलं, आणि सर हो म्हणाले. बाहेर आल्यावर ते लहान मुलासारखे खूश होते. "बापट, इतकी वर्षं लेख लिहिले. आता एक माणूस सुटेल."

तो माणूस सुटला नाही. तो का सुटला नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

त्या हिवाळ्यात धुकं फार होतं. सरांच्या पत्नी, सुमतीवहिनी, यांनी सरांसाठी मरून रंगाचा मफलर विणला होता. लोकर उरली, तेव्हा वहिनींनी माझ्यासाठीही एक विणला. "भाऊजी, तुम्ही एकटे राहता. घसा सांभाळा." असे मरून मफलर त्या वर्षी निशातगंजच्या प्रत्येक गाडीवर टांगलेले होते.

न्यायालयातल्या तारखेच्या थोडं आधी रस्तोगींनी मला खोलीत बोलावलं. त्यांनी स्वतः उठून किटलीतून माझ्यासाठी चहा ओतला. विभागप्रमुखाने माझ्या कपात साखर घालून ढवळली. मग म्हणाले, "बापट साहब, एक तकलीफ़देह बात है. आगटे साहब उस सराफ़ की दुकान पर देखे गए हैं. गवाह पर दबाव डाल रहे थे. आप तो शाम को उधर ही से लौटते हैं. आपने भी देखा होगा?"

मी पाहिलं होतं का? आदल्या आठवड्यात रिक्षातून येताना मी त्या दुकानात एक पाठमोरा माणूस बसलेला पाहिला होता. धुकं होतं. गळ्यात मरून मफलर होता. तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं. पण रस्तोगींनी नाव घेतलं आणि त्या पाठीला सरांचा चेहरा फुटला. साक्षीदाराला आरोपी आधी दाखवला की काय होतं, हे मी स्वतः वर्गात शिकवत होतो. मला आरोपी आधी दाखवला गेला, चहाच्या कपाबरोबर, आणि मी म्हणालो, "जी, कोई थे तो सही. मफ़लर वैसा ही था."

"तो आगटे साहब ही थे."

"जी."

रीडरची, म्हणजे माझ्या वरच्या पायरीची, जागा निघणार होती. त्या खोलीत तिचा उल्लेख झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. मी विकला गेलो, असं तरी म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. रस्तोगींनी इतकी तसदी घेतली होती, आणि मला त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवता आलं नाही.

विद्यापीठाने सरांविरुद्ध लावलेल्या चौकशीला समितीचे लोक टेबलामागे बसले होते. सर एका बाजूला, मी समोर. मी सांगितलं, मी प्राध्यापक आगटे यांना त्या दुकानात पाहिलं. 'कोई थे तो सही' हे शब्द गळून गेले होते. माझ्या आवाजात खात्री होती, जशी कँटीनवाल्याच्या वेळी होती तशीच.

रस्तोगींनी सरांना विचारलं, गवाह से कुछ पूछना चाहेंगे? सर माझ्याशी मराठीत बोलले.

"बापट, तुम्ही चेहरा पाहिला?"

"मफलर पाहिला, सर."

"कोणत्या रंगाचा?"

"मरून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या गळ्याकडे. मग त्यांनी मान हलवली आणि हिंदीत म्हणाले, "और कुछ नहीं पूछना."

मी खोलीबाहेर आलो. जिना उतरताना घसा खाजला म्हणून हात गेला, तेव्हा कळलं. तो मरून मफलर त्या क्षणी माझ्या स्वतःच्या गळ्यात होता. सरांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी माझी साक्ष तिथेच हास्यास्पद ठरली असती. त्यांनी बोट दाखवलं नाही. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या मोठेपणाबद्दल लोक बोलतील, बोलोत. मला वाटतं, माझा हात त्यांच्या खांद्यावर पडला तेव्हा त्यांचं कुतूहल मेलं, आणि कुतूहल मेल्यावर त्या माणसापाशी लढायला दुसरं काही नव्हतं.

सरांचा तुरुंगप्रवेश बंद झाला. ज्या तज्ज्ञावर साक्षीदाराला फितवल्याचा ठपका आहे, त्याचं न्यायालय काय ऐकणार! छोटेलालला शिक्षा झाली. पुढे त्याचं काय झालं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. हेही माझ्या जबाबात धरा.

काही दिवसांनी न राहवून मी त्या सराफाच्या दुकानात गेलो. चांदीची अंगठी बघण्याचा बहाणा केला आणि विचारलं, इथे मरून मफलरवाले एक प्रोफेसर येत होते ना?

"प्रोफ़ेसर?" सराफ म्हणाला. "प्रोफ़ेसर तो यहाँ कोई नहीं आया. मरून मफ़लर तो हमारे साले साहब पहनते हैं." आणि आत हाक मारली, "अरे, ज़रा बाहर आइए, आपके चाहने वाले आए हैं!"

आतून एक बुटका, गोल माणूस शेंगदाणे खात बाहेर आला. सरांशी त्याचं साम्य शोधायचं तर दोघांना दोन कान होते, एवढंच. त्याने मला नमस्कार केला, मी त्याला नमस्कार केला.

तिथून मी थेट रस्तोगींकडे गेलो. म्हणालो, माझी चूक झाली, मला जबाब बदलायचा आहे. या वेळी चहा नव्हता. रस्तोगींनी चष्मा पुसला. "बापट साहब, जो गवाह पलट जाए, उसे क्या कहते हैं? आप तो पढ़ाते हैं." थोडं थांबून म्हणाले, "और जिस पर एक बार झूठ साबित हो जाए, उसे रीडर कौन बनाता है?"

मी रीडर झालो. पुढे प्रोफेसरही झालो. सरांनी राजीनामा दिला. दोन वर्षांनी गालावरच्या चिठ्ठ्यांचा तो प्रयोग रस्तोगींच्या नावाने एका परिषदेत मांडला गेला. प्रयोगाच्या माहितीत 'एका अध्यापकानेही चूक केली' असं एक वाक्य होतं. तो अध्यापक मी. रस्तोगींना ते कोणी सांगितलं, असं विचाराल, तर तेही मीच.

तर डॉ. रस्तोगी, आपल्या गौरवग्रंथासाठी माझा मजकूर हा एवढा आहे. ती पद्धत आपली नाही. त्या दुकानात आगटे नव्हते, हे आपल्याला निदान माझ्या दुसऱ्या भेटीपासून माहीत होतं. आपण खोटं बोललात आणि मी तुमचा साक्षीदार होतो. सभागृहात आपल्याला शाल घालतील तेव्हा पुढच्या रांगेतल्या लोकांनी हे वाचलेलं असावं, याची व्यवस्था मी केली आहे. आपले जुने सहकारी, आपले विद्यार्थी, सगळ्यांना प्रत जाईल. इतक्या वर्षांत मला एवढं सुख कशानेच झालं नव्हतं, आणि ते लपवण्याचं मला कारण दिसत नाही.

सरांना हे आवडलं नसतं, हे मी जाणतो. वऱ्हाडातल्या खुनांविषयी ते एकदा म्हणाले होते, "सूड घेणारे सगळे एक चूक करतात, बापट. फार थांबतात. तोवर ज्याला मारायचं तो निघून गेलेला असतो, आणि कुऱ्हाड पडते एखाद्या म्हाताऱ्यावर." पडू दे. मीही म्हातारा आहे, आणि कुऱ्हाडीला दोन्ही बाजूंनी धार लावली आहे.

सर पुढे अमरावतीतच वारले. त्यांची मुलगी मुग्धा हिचा फोन आला होता. तिचं बालपण लखनौत गेलं, मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदीत. "अंकल, पापा नहीं रहे." मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "हाँ अंकल, सबको फ़ोन करना है," आणि फोन ठेवला.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते चारबाग स्टेशनवर. ते लखनौ सोडून निघाले ती सकाळ. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी माकडटोपी घातली, अंगावर शाल घेतली आणि नाकावर ओढली. मफलर घरी ठेवला होता. त्यानंतर तो मी कधी घातला नाही. फलाटावर धुकं होतं. एका खांबापाशी दोन हमाल आणि माझ्यासारखेच गुंडाळलेले तिघेचौघे उभे होते, त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. छोटं वाक्य होतं.

गाडीच्या खिडकीत वहिनी बसल्या होत्या. पलीकडे सर. वहिनींनी आमच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ते खांबापाशी बघा बरं. बापट भाऊजी तर नव्हेत?"

सर खिडकीशी वाकले. त्यांनी आधी खाली पाहिलं, एकेकाच्या पायांकडे. नजर माझ्या बुटांपाशी येऊन थांबली. माझा भार डाव्या टाचेवर होता. तो मी उजवीकडे घेतला, पण टाचेची झीज काही लपत नाही. मग त्यांनी वर, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. तेवढेच उघडे होते. त्यांनी घाई केली नाही.

"नाही," सर वहिनींना म्हणाले, अगदी वर्गातल्या आवाजात. "यांत ते नाहीत."

गाडी हलली. मी शाल खाली ओढली तोवर खिडकी पुढे गेली होती, आणि शेजारचा हमाल मला विचारत होता, "बाबूजी, किसी को छोड़ने आए थे?"

सर, मी चेहरा पाहिला नव्हता. एवढंच म्हणायचं होतं.